ब्रेकच्या दिवसाची सही

जानेवारीत अंबरनाथ पूर्वेला जे धुकं पडतं त्याला आंबूस वास असतो. घशात खवखवतं, डोळ्यांना झोंबतं. त्या धुक्यात सकाळी साडेसहाला स्वप्नाली ओव्हाळ वालधुनीच्या पुलावरून दोरीनं बादली खाली सोडत होती. बादली वर आली. पाणी आज जांभळट. त्याच पाण्यानं तिनं बाटली तीनदा विसळली, चौथ्यांदा भरली, बूच दाबलं नि चिठ्ठीवर तारीख टाकली. आधी विसळायचं कशाला? बाटलीत कालचं काही उरलं असेल तर नदीवर खोटा आळ नको.

साडेपाच वर्षं दर सोमवारी हेच. नदीवर तिनं पीएचडी केली. गावच्या पोरांनी तिचं नाव ठेवलं डॉक्टर गटार.

बाटल्या गार राहायला बर्फ लागतो. तो द्यायची मच्छी मार्केटातली कौसाबाई.

"आली गो माजी गटारवाली! एवरी शिकलीस नि घान पानी भरतंस. माज्या बाजूला बसून बोंबील इकलं असतंस तं घर बांदून झालं असतं."

"मावशी, तुझ्या धंद्याला ब्रेक नसतो. मला असतो. आज आहे."

"कसला बरेक?"

"समज, तुला कुणी म्हटलं, आज तू इथं बसलीच नव्हतीस असं लिहून दे. मग उद्या बसू देतो."

"लिवून देतंय! कोयता हाय माज्याकरं."

स्वप्नाली हसली. तिच्याकडे कोयता नव्हता. वही होती.

कॉलेजच्या नदी-प्रकल्पावर ती दोन हजार एकच्या जुलैत लागली. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस ब्रेक, मग नवी ऑर्डर. त्यामुळे ब्रेक दरवर्षी एक महिना अलीकडे सरकायचा. जून, मे, एप्रिल करत तो आता जानेवारीत आला होता. नवी ऑर्डर हातात पडायच्या आधी एका कागदावर सही: 'मी स्वखुशीने काम सोडत आहे.' खाली तारखेची जागा कोरी. ती संस्था भरणार, तिला वाटेल तेव्हा. पाचही वेळा स्वप्नालीनं सही केली होती. सगळेच करायचे.

या खेपेला मात्र त्याच विभागात कायम जागा निघाली होती. अट होती सलग पाच वर्षांच्या अनुभवाची. अर्जाची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

रात्री तिनं हे जेवताना सांगितलं तेव्हा भीमरावांनी, तिच्या वडलांनी, घास खाली ठेवला होता. शहाडला कारखान्यात त्यांनी अकरा वर्षं बदली कामगार म्हणून काढली. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत. वर्षाचे दोनशे चाळीस दिवस भरले तर कायम करावं लागतं, म्हणून ते भरत आले की गेट बंद.

"आम्हाला बदलीवाला म्हणायचे. तुला डॉक्टर म्हणतात. एवढाच फरक, बाय," ते म्हणाले. "माझा हजेरीचा पास फोरमननं मागितला, मी दिला. कोर्टात गेलो तर जज विचारतो, पुरावा? आता काय, हाताचे घट्टे दाखवू? वह्या देऊ नको. आधी झेरॉक्स काढ."

तिनं काढली होती. वहीच्या पानापानावर, रोजच्या रोज, तारखेखाली विभागप्रमुख मालिनी मॅडमची हिरव्या शाईतली सही. प्रयोगशाळेची रीतच ती.

कॉलेजात पोचली तर ऑफिसातले हेडक्लार्क अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, तू आज नाहीस. कशाला आलीस?"

"नाहीये ना? मग ही सॅम्पलं भुतानं आणली असं लिहा."

"डोकं नको खाऊस सकाळी सकाळी." अण्णांनी सहा दाखले पुढं सरकवले. प्रत्येकावर अकरा महिने. "हे अर्जाला लाव. आणि हे राजीनाम्याचं. सही कर, तारीख टाकू नको."

"सहा तुकडे दिलेत अण्णा. त्यांना सलग पाहिजे."

"मग मी काय फेविकॉलनं चिकटवू?"

सहीचा कागद तसाच ठेवून ती आत गेली. मालिनी मॅडम उपमा खात होत्या. वाईट बाई नव्हती ती. प्रबंधाच्या वेळी रात्र रात्र जागून तिचे तक्ते तपासले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरल्यापासून मात्र जिथंतिथं घाबरायची.

स्वप्नालीनं पाच वह्या टेबलावर उघडून ठेवल्या.

"पाच ब्रेक, मॅडम. पाचही दिवशी मी कामावर होते. पाचही पानांवर तुमची सही आहे. सलग काम केलं, एवढंच लिहून द्या."

मॅडमनी चमचा ठेवला. पानं उलटली. स्वतःचीच सही अनोळखी माणसाची असल्यासारखी बघितली. "मी कुठं तारखा बघून सही करते गं?"

"मी बघून काम करते."

"संस्थेला कळलं की मी तुला ब्रेकमध्ये राबवलं, तर माझं काय होईल?"

"माझं काय होईल, हे मी साडेपाच वर्षं विचारतेय."

"स्वप्नाली, या वह्या विभागाच्या आहेत. जमा कर."

"करते. झेरॉक्स काढलीय. एक घरी, एक पिशवीत."

मॅडमनी हात पुसले. "दाखला नाही देता येणार मला. खरंच नाही. समजून घे."

"बरं." स्वप्नालीनं सहावी वही उघडली. सकाळची नोंद होती: पुलाखाली, जांभळट, सहा पस्तीस. "मग आजची सही करा. रोजच्यासारखी. पण आज तारीख बघून."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. दाराकडे बघितलं. मग पुन्हा काढलं आणि सही केली. खाली तारीख घातली, ठळक, जरा वाकडी.

"जा आता," त्या म्हणाल्या. उपम्याकडे त्यांनी परत बघितलं नाही.

त्या पानाचीही झेरॉक्स काढून स्वप्नालीनं अर्जाला सहा पानं टाचली. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं: सलग. अर्ज अण्णांच्या पुढं ठेवला, पोच मागितली. आणि टेबलावरचा राजीनाम्याचा कागद सही न करताच परत सरकवला.

"वेडी झालीस? सही नाही तर उद्याची ऑर्डर नाही."

"स्वखुशीनं म्हणून लिहिलंय ना वर? माझी खुशी नाही."

"छाननीवाले लोक झेरॉक्सला विचारतात होय! अर्ज तिथंच फेकतील."

"फेकू देत की. फेकताना वाचावं तर लागेल."

अण्णांनी कपाळावर हात मारला. पण पोचेवर शिक्का मारला. "आणि उद्या काय करणार तू?"

"उद्याचं उद्या. आज अकराला लाइट जाते. त्याच्या आत बाटल्या तपासायच्यात."

ती प्रयोगशाळेत गेली, ओढणी कमरेला खोचली, सकाळचं पाणी तपासलं आणि रिकाम्या बाटल्या नळाखाली धरल्या. एक, दोन, तीन वेळा विसळून एकेक उपडी घालत गेली. पुढच्या सोमवारसाठी.