सुनेचा हंस

हुवेई गावच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या आकोंगांनी ऑपरेशनच्या दिवशी मात्सूदेवीला नवस बोलला, आणि बोलताना सुनेला विचारलं नाही. सगळ्याची सुरुवात तिथून झाली.

आकोंग म्हणजे आजोबा. नात तसं म्हणायची म्हणून मुलगा आणि सूनही तसंच म्हणत. आयुष्यभर उसाची छोटी आगगाडी चालवलेला माणूस, पण पित्ताशयातल्या खड्याला घाबरला. ऑपरेशनच्या खोलीकडे नेताना ढकलगाडीवरूनच हात जोडून म्हणाले, "माते, सुखरूप बाहेर काढ. सगळं घर शंभर दिवस शाकाहारी राहील." दार बंद होताहोता मान उचलून भर घातली, "अंडंसुद्धा नाही."

त्यांच्या सपाता हातात धरून सून युए-मान शेजारीच चालत होती. तिने शब्दन् शब्द ऐकला.

ऑपरेशन पाऊण तासात आटोपलं. तिसऱ्या दिवशी आकोंगांना भूक लागली आणि नवसाचा अर्थ बदलू लागला.

"सगळं घर म्हणालो होतो. घर म्हणजे भिंती, छप्पर. माणसं म्हणालो नव्हतो."

"भिंती अंडी खात नाहीत, आकोंग," युए-मान म्हणाली, आणि त्यांच्यापुढे लाल माठाचं सूप ठेवलं.

नवसाची रीत सगळ्या गल्लीला माहीत होती. घरातल्या एकाने जरी मोडला तरी सगळ्यांची मोजणी पुन्हा एकपासून. कांदा-लसूणही बंद.

युए-मानला स्वयंपाकाची भीती नव्हती. लग्नाआधी टॉवेलच्या कारखान्यात ती साठ माणसांचा डबा रांधायची. आता त्याच कारखान्यात तिचा नवरा वेन-शिउंग आठवड्याचे चारच दिवस कामावर जात होता, आणि बाजाराचे पैसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावतील तेवढेच. शाकाहार म्हणजे स्वस्ताई असं बोलणाऱ्यांनी दुकानातली सोयाची कोंबडी कधी विकत घेतलेली नसते. ती खऱ्या कोंबडीपेक्षा महाग. तो रस्ता तिने पहिल्याच दिवशी बंद केला. ती बाजारात जायची ती दुपारी बारानंतर, भाजीवाल्या पाट्या आवरायला लागल्या की. रताळ्याचा पाला तर त्या मावशी फुकट द्यायच्या. सोयादूध काढणाऱ्या म्हातारीकडून चोथा आणायचा, त्याची शेंगदाणे घालून थालीपिठासारखी भाकरी थापायची. हातात काय आलंय ते बघून, दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर ती आठवड्याचा बेत लिहायची. ताटात डाळ किंवा सोया हवाच, पाला हवा, तीळ-दाणे हवेत, बाकी जीभ काय म्हणेल ते. जिभेला आकोंगांच्या घरात मत नव्हतं असं नाही, पण बेत लिहायची पेन्सिल युए-मानच्या कानावर असायची.

बाराव्या दिवशी शाळेतून चिठ्ठी आली. नात पेइ-रू सोळा वर्षांची, शाळेच्या व्हॉलीबॉल संघात. तपासणीत तिचं रक्त कमी निघालं. परिचारिका बाईंनी लिहिलं होतं, अजून फार उतरलेलं नाही, खाण्याकडे नीट लक्ष द्या, नव्वद दिवसांच्या आत पुन्हा तपासू. तेव्हाही कमीच निघालं तर डॉक्टर, गोळ्या, आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत मैदानाऐवजी बाकावर.

पेइ-रूने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि कोणाकडेच बघितलं नाही. ती रडली असती तर बरं, असं युए-मानला वाटलं.

"बघा," आकोंग म्हणाले. "पोरीला डुकराच्या काळजाचं सूप पाहिजे. देवी काय पोरीपेक्षा मोठी आहे?"

"आणि तुम्हाला?"

"पोरीला एकटीला कसं पाठवायचं नरकात. सोबत म्हणून दोन घास."

"मला नको सूप," पेइ-रू म्हणाली. "माझ्यामुळे मोजणी परत एकपासून, आणि मग वर्षभर आकोंगांचं तोंड बघायचं."

"पुढच्या तपासणीपर्यंत मला वेळ द्या," युए-मान म्हणाली. "तेव्हा रक्त वाढलं नसेल तर मी स्वतः काळीज आणीन, आणि देवीला मीच तोंड दाखवीन."

परिचारिका बाईंना फोन करून तिने तासभर डोकं खाल्लं. काळे तीळ, लाल माठ, सोया, सगळं बरोबर होतं, फक्त जेवणाबरोबर आंबट हवं, आणि जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने ताटातलं लोह अंगी लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणात मीठ लावलेला पेरू आला आणि आकोंगांची चहाची किटली कपाटावर गेली.

"पन्नास वर्षं जेवल्यावर चहा घेतोय मी."

"आता दोन तासांनी घ्या. म्हणजे एक्कावन्नावं वर्ष लागेल."

आकोंगांनी मग दुसरी वाट शोधली. गावात काही लोक भांड्याच्या काठचा शाकाहार पाळतात. एकाच भांड्यात मांस शिजतं, आणि शाकाहारी माणूस काठावरची भाजी तेवढी उचलतो.

"आणि चुकून तुकडा आला तर?" युए-मानने विचारलं.

"चुकून आलेला चुकीत धरत नाहीत."

खात्री करायला ते देवळात गेले. लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली की देवीचा होकार, दोन्ही पालथ्या म्हणजे नकार. आकोंगांच्या दोन्ही उताण्या पडल्या.

"देवी हसली," घरी येऊन ते म्हणाले. "खूश झाली असणार."

"तुम्हाला हसली, आकोंग."

तिसाव्या दिवसाच्या सुमारास ते अचानक गोड वागू लागले. चोथ्याची भाकरी मुकाट खायची, आणि चारच्या सुमाराला 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून बाहेर. युए-मानला शंका आली, पण शंका घेऊन कुठे जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिम-स्वान स्कूटरवरून दारात आला. साखर कारखान्यातला आकोंगांचा जोडीदार, आता देवळासमोरच्या गल्लीत हंसाचं मांस विकायचा.

"पोरी, तुझा सासरा काल माझ्या टपरीच्या मागच्या बाकावर येऊन बसला. म्हणाला, धुरावलेला हंस दे, छातीचा. मी देवीच्या पालखीला खांदा देणारा माणूस. नवसातल्या माणसाला हंस वाढला तर पाप मला लागेल, नाही वाढला तर चाळीस वर्षांची मैत्री जाईल. संपला म्हणून सांगितलं. आज परत येणार आहे."

युए-मानने हातातलं फडकं पिळून दांडीवर टाकलं.

"द्या त्यांना हंस," ती म्हणाली. "माझा."

सोयाच्या दुधावरची साय वाळवून तिचे पापडासारखे पातळ पापुद्रे बाजारात मिळतात. तुटलेले, स्वस्तातले तिने आणले. आळंब्यांच्या पाण्यात आणि सोया सॉसमध्ये भिजवले, एकावर एक रचले, कापडात करकचून गुंडाळून वाफवले. मग जुन्या कढईत काळी साखर, मूठभर तांदूळ आणि आकोंगांच्याच चहाचा चोथा टाकून, वर जाळीवर ती गुंडाळी ठेवून झाकण लावलं आणि खाली जाळ केला. दहा मिनिटांत गल्लीतलं कुत्रं दाराशी येऊन बसलं. हंस जमला होता.

आकोंगांचे दात नुकतेच नवे बसवलेले होते. शिवाय ते खात होते चोरून, रस्त्यावर एक डोळा ठेवून, आल्याच्या बारीक काड्यांबरोबर भराभर. इतक्या घाईत जीभ फार चौकशी करत नाही.

"हा खरा हंस," ते खिम-स्वानला म्हणाले. "घरी ती साय खायला घालते. साय म्हणजे भिजलेलं वर्तमानपत्र. कशाला चव नाही."

खिम-स्वानने तोंड फिरवून सुरी धुतली.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी आकोंग हंस खाऊ लागले आणि खिशातल्या पेन्शनमधून हंसाचे पैसे मोजू लागले. ते पैसे खिम-स्वान संध्याकाळी युए-मानच्या हातात आणून द्यायचा. त्यातून पत्र्याच्या डब्यात काळ्या तिळांची भर पडली, शेंगदाण्यांची पिशवी आली, पेइ-रूसाठी रोज पेरू आला. वेन-शिउंगला एकदा शंका आली.

"एवढे तीळ कुठून?"

"हंस अंडी घालतो," युए-मान म्हणाली. नवसातल्या घराला न शोभणारा विनोद समजून त्याने ताट पुढे ओढलं.

नवसाच्या चौऱ्याऐंशीव्या दिवशी शाळेतून निरोप आला. उद्या रक्त घेणार. त्या रात्रीच्या जेवणात आकोंगांनी एक घास खाल्ला आणि बोट पाण्यात बुचकळून टेबलावर रेघा ओढत बसले. पेइ-रू म्हणाली, "आकोंग, बरं वाटत नाही का?" तर ते म्हणाले, "खा तू. तू खा. माझाही पेरू घे."

सकाळी ते देवळात निघाले, आणि युए-मान, उदबत्त्या संपल्यात असं म्हणत, मागोमाग. खांबाआडून तिने ऐकलं.

"माते, पाप मी केलंय. पंधरा वेळा. पोरीने काही केलेलं नाही. मोजणी माझी एकट्याची परत लाव, हवं तर हजार दिवस लाव. तिचं रक्त मात्र कमी करू नकोस." त्यांनी चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या. दोन्ही उताण्या. तिसऱ्यांदाही देवी हसलीच.

आकोंग गुडघ्यांवरच बसून राहिले. त्यांचे खांदे इतके लहान दिसत होते की युए-मानला आपल्या गमतीची पहिल्यांदाच लाज वाटली. ती शेजारी जाऊन बसली.

"आकोंग, तुम्ही पंधरा वेळा साय खाल्लीत."

"काय?"

"भिजलेलं वर्तमानपत्र. मी तुमच्याच चहाच्या धुरात भाजलं होतं."

आकोंगांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग देवीकडे, मग जमिनीवरच्या दोन चंद्रकोरींकडे.

"म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस मी खरंच काही खाल्लं नाही?"

"नाही."

"मग पैसे कशाचे दिले मी?"

"तिळांचे. पेरूंचे. नातीच्या रक्तात गेलेत ते."

दुपारी पेइ-रू घरी आली ती खेळाचे बूट दोऱ्यांनी गळ्यात अडकवून. रक्त जेमतेम का होईना, रेषेच्या वर आलं होतं. संघात नाव होतं. परिचारिका बाईंनी बजावलं होतं, खाणं असंच चालू राहू द्या. जेवण झाल्यावर आकोंग घड्याळ बघत दोन तास बसून राहिले आणि मग चहा मागितला.

एकशे एकाव्या दिवशी चार वाजता ते खिम-स्वानच्या टपरीवर गेले. आता समोरच्या बाकावर बसायला हरकत नव्हती, पण पाय सवयीने मागच्याच बाकाकडे वळले.

"काय देऊ?" खिम-स्वानने विचारलं. "खरा की सुनेचा?"

आकोंगांनी रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"सुनेचा. पण तिला कळता कामा नये."

खिम-स्वानने मान डोलावली आणि फडक्याखालून डबा काढला. तो युए-मानने सकाळीच आणून ठेवला होता.