आनी महिन्यातला कॉम्प्युटर

"पेज उघडत नाही," टाइप करणाऱ्या मुलींपैकी एक म्हणाली. चारही मशीनवर तेच. सव्वानऊ वाजले होते. बारापर्यंत पहिली फाइल पोचली नाही तर ट्रायल संपली, असं अमेरिकेतल्या क्लायंटनं बजावलं होतं.

मी पुण्याची, नोकरी चेन्नईच्या एका नेटवर्क कंपनीत. तंजावरच्या या ऑफिसात अमेरिकन डॉक्टरांची रेकॉर्ड केलेली टिपणं ऐकून टाइप करायचं काम सुरू होत होतं. मालक सुंदरराव, कैक पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरातले. टाइप करायला चौघीजणी. त्यांतली मालती रोज सगळ्यांआधी येऊन ऑफिस उघडायची. तिचं घर तिच्या पगारावर चालायचं.

पेशंटची माहिती उघड्या इंटरनेटवरून न्यायची नाही, ही क्लायंटची अट. म्हणून कोपऱ्यातल्या मशीनवर मी टनेल बसवलं होतं. टनेल म्हणजे बंद पाइपच, आत काय वाहतंय ते बाहेरून दिसत नाही. बाकीचे ब्राउझर थेट बाहेर न जाता या मशीनमार्फत जायचे. त्याला प्रॉक्सी म्हणतात. आदल्या दुपारी सगळं झकास चाललं होतं.

मोडेम तपासला. जोडला जात होता. टनेलशिवाय इंटरनेट चालत होतं. ब्राउझरमधला प्रॉक्सीचा पत्ता बरोबर, पोर्टचा क्रमांकही बरोबर. साडेदहा वाजले. वैतागून मी म्हणाले, "काल रात्रीपासून कोणीतरी काहीतरी बदललंय."

बोलले आणि फसले.

"सकाळीं प्रथम कोण येतें? मालतीच," सुंदरराव म्हणाले आणि त्यांनी तिला बोलावून तमिळमध्ये फैलावर घेतलं. "मी हात लावला नाही, सार," ती एवढंच म्हणत राहिली. शेवटी त्यांनी किल्ली मागितली. तिनं ती टेबलावर ठेवली. उद्यापासून येऊ नको, म्हणाले.

मी मध्ये पडले. "सर, मी तिचं नाव घेतलं नाही."

"मॅडम, तुम्हीच म्हणालांत नव्हे, कोणी तरी बदललें म्हणून? दुसरें कोण आहे येथें?"

मी टनेलचा लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रामची डायरी. ती मी सगळ्यात आधी बघायला हवी होती. त्यात प्रत्येक ओळीत एकच तक्रार: सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही. सर्टिफिकेट म्हणजे पलीकडच्या सर्व्हरचं ओळखपत्र, ठरावीक तारखेपासून पुढे चालणारं. हे नुकतंच आठवड्यापूर्वी काढलेलं. आणि लॉगमधली तारीख? जुलैचा पहिला आठवडा! बाहेर जुलै संपत आला होता. कॉम्प्युटरच्या मते ते ओळखपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं.

काल टनेल बसवताना मला हीच मागची तारीख दिसली होती. आतल्या घड्याळाची बॅटरी गेली असेल, असं म्हणून सवयीनं सरळ केली होती आणि विसरून गेले होते. आज पुन्हा नेमकी तीच तारीख, म्हणजे ती कोणीतरी मुद्दाम घातलेली.

"ही तारीख कोणी बदलली?"

मालती खाली बघत राहिली. सुंदरराव अगदी सहज म्हणाले, "मीच. रोज सकाळीं पूजा करितांना."

"तुम्ही?"

"मग? तमिळ पंचांगांत आडी महिना लागला. आडींत नवें काम कोण सुरू करितें? क्लायंट थांबेना, आई ऐकेना. म्हणून कंप्यूटरांत आधीच्या आनी महिन्यांतला मुहूर्ताचा दिवस ठेवितों. आईस दाखवितों."

ज्यासाठी त्या मुलीची नोकरी घालवत होते, ते स्वतःच रोज उदबत्ती लावून करत होते, आणि त्यांच्या ते गावीही नव्हतं.

तारीख सरळ केली. टनेल उभं राहिलं. पावणेबाराला पहिली फाइल गेली. मागच्या खोलीत वापराविना पडून असलेलं एक जुनं मशीन मी सुरू केलं, त्यात आनी महिना घातला आणि म्हणाले, "आईंना यापुढे हे दाखवा." सुंदररावांनी किल्ली उचलून मालतीपुढे धरली. माफी वगैरे मागितली नाही.

निघताना मी मालतीला विचारलं, "तुला माहीत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"सार रोज करतात ते माहीत होतं, मॅडम. पण तारखेचा इंटरनेटशी संबंध असतो, हे मला कसं कळणार?"

खरंच होतं. त्या खोलीत ते कळायला हवं होतं अशी एकच व्यक्ती होती, आणि ती "कोणीतरी" म्हणून मोकळी झाली होती. आता कुठेही गेले की आधी घड्याळ बघते, मग लॉग, आणि तोंड सगळ्यात शेवटी उघडते.