बाबांच्या सुखाचे दहा मार्क

आता काय सांगू तुमाले! गाढवपणा सगळेच करतात, पण मी जो केला तो कॉम्प्युटरवर केला, गुणाकार-बेरजेसकट! हसा, हसा. चहा मात्र थंड होऊ देऊ नका.

तेव्हा मी नागपुरात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवत होतो. जरीपटक्यात दोन खोल्यांत बिऱ्हाड: मी, बायको अन् लहान पोरगी. आई गेलेली, बाबा कन्हानले एकटे. जन्म खाणीत गेला, छातीत खोकला घर करून बसलेला. हिवाळा तोंडावर होता. बाबाले इकडं आणावं का तिथंच राहू द्यावं, एवढाच प्रश्न. आता सांगा, याले कॉम्प्युटर कायले पाहिजे? पण कॉलेजात तो नवीनच आला होता, अन् माझ्या हाताले खाज सुटली होती ना!

त्यात मी बाबांच्या खोकल्याचं बेझियन नेटवर्क बनवलं होतं. म्हणजे डब्बे अन् बाण. थंडी वाढली तर खोकला वाढायचा संभव किती, खोकला वाढला तर छाती भरायचा किती. पण ते जाळं फक्त काय होईल ते सांगे. काय करावं, ते नाही. म्हणून मी त्याले आणखी दोन डब्बे जोडले. एक निर्णयाचा: कन्हान का नागपूर. दुसरा सुखाचा: कुठं राहिल्यानं बाबाले किती सुख, शंभरापैकी.

"अहो, त्यायले सरळ घेऊन या ना!" सुमन म्हणाली. सुमन म्हणजे आमची बायको.

"असं कसं वं? आकडे लागतात!"

मी पोस्टकार्ड टाकलं. 'रविवारी येतो. तुमाले नागपूरले आणायचं का, ते विचारायचं आहे.'

गेलो तर बाबा चक्क दाढी करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसलेले. "कोणाच्या लग्नाले निघाले का?" मी म्हटलं. ते नुसते हसले. दाराजवळ त्यांची पत्र्याची पेटी होती, तिच्यावर मी वही ठेवली.

"बाबा, नागपूरले आमच्याकडं राहण्यात तुमाले किती सुख? शंभरापैकी सांगा."

"सुखाचा पेपर हाय का गा?"

"तसंच समजा."

"नाई गा. दोन खोल्यांत तुमचीच अडचण. त्यात मी कायले?"

"आकडा, बाबा!"

"लिही दहा."

"अन् इथं?"

"इथं मले काय कमी हाय? नव्वद लिही."

आता मले सांगा, पंगतीत पाहुणा 'नको, नको' म्हणते, तर आपण काय त्याच्यापुढचं ताट उचलून नेतो? तीनदा आग्रह करतो, तेव्हा तो चौथी पोळी खाते! हे मले शेंबडा होतो तेव्हापासून ठाऊक. पण त्या दिवशी मी शास्त्रज्ञ होतो ना! लिहिले दहा. लिहिले नव्वद.

"अजून काई इचारतं का?" बाबांनी विचारलं.

"नाही, झालं." मी पेनले टोपण लावलं.

त्यांनी पेटीवरची वही उचलून माझ्या हाती दिली. मग म्हणाले, "बरं. बस चुकंल तुई."

मशीननं उत्तर दिलं: कन्हान. अन् ते काही काठावर पास नव्हतं, डिस्टिंक्शन! मी कॉलेजात फळ्यावर बाण काढून सगळ्यायले दाखवलं. टाळ्या पडल्या हो!

सुमन म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचं पहिलं 'नको' कधी खरं असते का? पुन्हा विचारून या."

"डेटा एकदाच घेतात," मी म्हणालो. काय ती माझी ऐट!

ऐन थंडीत बाबांची छाती भरली. शेजारचे गणपतकाका सांगावा घेऊन आले. मी कन्हानले पोचलो तोवर बाबा गेले होते.

तेरवीनंतर खोली आवरताना ती पेटी उघडली. भरलेली होती. दोन धोतरं, मफलर, खोकल्याची बाटली, अन् माझ्या पोरीसाठी घेतलेली लाल रिबीन. दहा मार्क मी ज्या पेटीवर वही ठेवून लिहिले, तीच.

गणपतकाका म्हणाले, "तुयं कार्ड आलं त्याच दिवशी भरली त्यानं. तू गेल्यावर मी म्हटलं, आता रिकामी कर. तर म्हणे, राहू दे, पोरगं आणखी एकदा इचारंल."

मी तिथंच पेटीजवळ बसून रडलो. लाज कायची?

नंतर एक दिवस कॉलेजात जाऊन मी दहाचे नव्वद, नव्वदचे दहा केले अन् बटण दाबलं. मशीन लगेच म्हणाली: नागपूर. तिची काही चूकच नव्हती बिचारीची.

घरी येऊन बसलो. सुमन म्हणाली, "चहा ठेवू?"

"नको," मी म्हटलं.

तिनं पुन्हा विचारलंसुद्धा नाही. कप आणून सरळ हातात दिला. अन् ती मॅट्रिक नापास बरं का! स्टॅटिस्टिक्सचा गोल्ड मेडलिस्ट मी.