शपथ देणाऱ्या साहेबांची लड

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होते. रंग, थिनर, पॅकिंगचे खोके, सगळं माझ्या ताब्यात. आमचे मॅनेजरसाहेब दर सोमवारी सकाळी आम्हाला रांगेत उभं करून सुरक्षेची शपथ द्यायचे. आवाज असा, की पार पुढच्या करमाड गावापर्यंत ऐकू जावा. शपथ उरकली की तेच साहेब थिनरच्या खोलीमागं जाऊन सिगारेट ओढायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका दुपारी मशीनची पूजा झाली, पेढे वाटले. मग साहेबांनी गाडीच्या डिकीतून फटाक्यांची भलीमोठी लड काढली आणि माल चढवायच्या दारासमोर पसरली. दारालगत रिकाम्या खोक्यांचा अन् थर्माकोलचा ढीग. तिथून थिनरची खोली दहा पावलांवर.

"साहेब, इथं नको," मी म्हणाले. "गेटबाहेर मोकळं मैदान हाय, तिथं लावा."

"तिथं कोण बघणार?" साहेब हसले. "ताई, तुम्ही लई घाबरट बुवा."

बाकीचेही हसले. साहेब हसले की हसायचं, एवढं त्यांना शपथेपेक्षा पक्कं पाठ होतं.

मी आग विझवायचा लाल सिलिंडर आणायला आत धावले. पूजेत त्यालाही झेंडूचा हार घातला होता, कुंकू लावलं होतं. काटा मात्र पार खाली, आत दाबच नव्हता. एकदा देव करून टाकला की भरून आणायची कटकट नको! मग वाळूच्या दोन बादल्या उचलल्या. तोवर साहेबांनी काडी लावली होती.

लडीतला एक फटाका उडून थेट ढिगात पडला. थर्माकोलनं भप्पकन पेट घेतला, काळाकुट्ट धूर उठला. सगळ्यांत आधी पळाले साहेब. तेही गेटबाहेर, मोकळ्या मैदानात.

आमच्याकडचे वेल्डर, त्यांना सगळे मामा म्हणायचे, ते तेवढे पुढं आले. पेटते खोके त्यांनी हातानं ओढून थिनरच्या खोलीपासून लांब नेले. मी वाळू ओतली, कुणीतरी पाण्याचा पाइप आणला. आग विझली, पण वितळलेलं थर्माकोल मामांच्या उजव्या तळव्याला चिकटलं होतं.

धूर ओसरल्यावर साहेब परतले. "टूथपेस्ट लावा, टूथपेस्ट!"

"काही लावायचं नाय, चिकटलेलं ओढायचंबी नाय," मी म्हणाले आणि मामांचा हात नळाखाली धरला. चांगली वीस मिनिटं. मग स्वच्छ कापड गुंडाळून त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेलं.

वाटेत मामा म्हणाले, "हात भाजला त्याचं काय नाय ताई. पण पळालेला माणूस येऊन हुकूम सोडतोय, ह्याचं लई झोंबलं."

सुट्टीनंतर साहेबांनी अहवाल पुढं सरकवला. आगीचं कारण, शॉर्टसर्किट.

"साहेब, त्या ढिगाजवळ वायरच नाय."

"ताई, तुम्ही फक्त सही करा."

मी सही केली. सहीच्या वर लिहिलं, 'फटाक्यांची लड लावल्याने आग लागली. लावणारे, मॅनेजर.' साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली. निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली, 'संकटात धीरानं उभे राहणारे' म्हणून भाषणंही झाली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामांना वाजवता आल्या नाहीत, त्यांची उजवी मूठ अजून वळत नव्हती.