वहिनीची शेवटची मॅच पाहायला नागपूरला

नागपूरला उन्हाळ्यात जाऊ नका, असं सगळेच सांगतात. आम्ही गेलो, आणि तेही पंखे बंद असलेल्या हॉलमध्ये बसायला! गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझी वहिनी भारताच्या बॅडमिंटन संघात निवडली गेली होती आणि महिलांच्या एका आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धेतले तिच्या गटाचे सामने नागपुरात होते. लग्न ठरतानाच आईनं सुनेकडून शब्द घेतला होता, की एक वर्ष खेळायचं, मग रॅकेट माळ्यावर. ते वर्ष संपत आलं होतं. निदान एकदा तरी तिचा खेळ पाहू या, म्हणून मी आईच्या मागे लागले.

"मले त्यातलं काय समजते?" असं म्हणत म्हणतच आईनं दशम्या बांधल्या आणि पिशवीत ताडाचा पंखाही टाकला.

अकोल्याहून पॅसेंजरनं निघालो. ही गाडी वाटेतल्या प्रत्येक स्टेशनाची ख्यालीखुशाली विचारत जाते, तुम्ही जाल तेव्हा सरळ एक्स्प्रेस धरा. मुक्काम लकडगंजात मावशीकडे होता. सकाळी ऐकू आला तो आरागिरण्यांचा आवाज, आणि नाश्त्याला तर्री-पोहे. तर्री जपून घ्या बरं. मी दोनदा घेतली आणि दुपारपर्यंत कान गरम होते.

सायकलरिक्षानं हॉलवर पोहोचलो. तिकीट स्वस्त होतं, पण कोर्टाजवळच्या बाकावर जागा हवी तर लवकर जाणं भाग. गटात चार संघ होते आणि पहिले दोन पुढे जाणार होते. आपल्या मुली एक लढत जिंकल्या होत्या, एक हरल्या होत्या. त्यामुळे त्या दिवशीची लाल स्कर्टवाल्या पाहुण्यांशी होणारी लढत जिंकली तरच पुढे, नाहीतर सगळं तिथेच संपणार होतं.

"पंखे काहून बंद ठेवले गा?" आईनं शेजारच्या काकांना विचारलं.

"हवेनं शटलचं फूल सरकते ना, बाई."

तीन एकेरी, दोन दुहेरी. चार सामने झाले तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. शेवटची दुहेरी वहिनीची! तिसऱ्या गेमपर्यंत आमच्या बाकांवरच्या बायकांना उकाडा अगदी असह्य झाला होता. आईनं पंखा काढला. तिचं पाहून कुणी पदर, कुणी पुठ्ठा हलवायला लागलं. आम्ही कोर्टाच्या अगदी मागेच होतो. वहिनीनं मारलेलं फूल सरकलं आणि रेषेबाहेर पडलं. पंचांनी खेळ थांबवून आमच्याकडे बोट दाखवलं. वहिनीनंही वळून पाहिलं, तर सासूबाई हातात पंखा घेऊन!

मला वाटलं, आता आई रागावून उठणार. आई उठली खरी, पण पंखा आपल्या बुडाखाली घालून परत बसली. मग पुढच्या बाकावरच्या बाईंच्या हातातला पुठ्ठाच ओढला.

"हलवू नका वं कोणी! माझी सून खेळून राहिली तिथं!"

तिच्या तोंडून 'माझी सून' इतक्या मोठ्यानं मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुढे घाम टिपायलाही तिचा हात हलत नव्हता.

आपण हरलो. अगदी थोडक्यात, पण हरलोच. त्या लालवाल्या पोरी खरंच चपळ होत्या, पायाखाली स्प्रिंग असल्यासारख्या.

परतीच्या गाडीत वहिनी आमच्यासोबत होती. बडनेऱ्यापर्यंत मी संत्री सोलून दोघींच्या हातात देत राहिले. शेवटी वहिनीच म्हणाली, "आई, वर्ष झालं. मी शब्द पाळीन."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. मला आईचा इतका राग आला, की मी उरलेलं संत्रं एकटीनंच खाऊन टाकलं.

त्या प्रवासातलं आता बरंच विसरले आहे. कुठले संघ पुढे गेले तेही आठवत नाही. घरी आल्यावरची दुसरी सकाळ मात्र स्वच्छ आठवते. बाहेर अजून अंधार होता आणि स्वयंपाकघरात कणीक मळल्याचा आवाज येत होता. ते काम वहिनीचं होतं, पण परातीशी आई बसली होती.

मला पाहताच म्हणाली, "उभी काय राहिली? वहिनीले उठव. प्रॅक्टिसले उशीर होते तिले."