इंग्रजीचा दगड

बुलढाणा जिल्ह्यात लॅटिन वाचता येणारा माणूस एकच, आणि तो दहावी नापास आहे. हे माझे थोरले साडभाऊ. चिखलीहून दुसरबीडकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून एखादा म्हातारा बाभळीला, धोतऱ्याला, टाकळ्याला त्यांच्या लॅटिन नावांनी हाका मारताना दिसला, तर खुशाल ओळख काढा. मात्र उतरायचं ठिकाण जवळ असेल तरच. मी एकदा त्यांच्या नादी लागून थेट सिंदखेडराजाला पोचलो होतो.

या वेडाचं मूळ एका दगडात आहे. त्यांच्या गावाबाहेर लिंबाखाली पुरुषभर उंचीचा काळा दगड उभा आहे, कोण्या साहेबाच्या काळातला. त्यावर सात ओळी कोरलेल्या, अक्षरं एबीसीडीची. तेवढ्यावरून गावानं ठरवून टाकलं की हा इंग्रजीचा दगड. बाकीच्या विषयांना मारुती समर्थ आहे, इंग्रजीला मात्र हा. दहावीच्या इंग्रजीच्या पेपराआधी प्रत्येकानं तिथं नारळ फोडायचा, अक्षरांवरून बोट फिरवायचं आणि मग सेंटरवर जायचं. साडभाऊंनी हे तीन वर्षं केलं. तिसऱ्या वर्षी पाच नारळ फोडले; दगडाच्या कोपऱ्याचा टवका त्यातलाच, असं गाव सांगतं. तिन्ही वेळा इंग्रजीतच गेले. मग चिखलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसायला लागले ते निवृत्त होईपर्यंत. पण एक सल राहिला. लग्नात, तेरवीत, कुठंही भेटले की विचारायचे, "दगडानं साऱ्या गावाले पास केलं, साडभाऊ. मलेच काऊन नाही?"

दगडावरच्या ओळी त्यांच्या बोटाला पाठ होत्या. एके दिवशी मिरचीच्या बरणीवरची शास्त्रीय नावाची चिठ्ठी पुसताना त्यांना दगडावरच्या एका शब्दाचा सख्खा भाऊ दिसला. बरणी काखेत मारून ते वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे धावले. मॅडम म्हणाल्या, हे इंग्रजी नाही, लॅटिन आहे. त्या दिवशी साडभाऊंनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. आपण नापास नव्हतोच, दगड दुसऱ्या विषयाचा होता, हे त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना बजावलं.

आता दगड म्हणतो तरी काय, हे कळल्याशिवाय मरायचं नाही असं ठरलं. निवृत्तीनंतर जालन्याच्या एका म्हाताऱ्या पाद्र्यांनी त्यांना लॅटिनचं पुस्तक दिलं. ते निघालं इंग्रजीत! म्हणजे लॅटिनसाठी आधी इंग्रजी आलं. दुसरा माणूस असता तर पुस्तक माळ्यावर गेलं असतं. हे तुरीच्या शेंगा सोलता सोलता विभक्त्या घोकू लागले. दुओ, त्रेस, सेप्तेम, नोवेम म्हणजे दोन, तीन, सात, नऊ, हे कळल्यावर तर त्यांना गहिवरून आलं. ही आपलीच माणसं, लांबच्या गावी दिलेली, असं म्हणत ते दिवसभर आकडे मोजत हिंडले. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लॅटिन चिठ्ठ्या लागल्या. ताई, म्हणजे साडभाऊंच्या पत्नी, डबे हातातल्या वजनावरून ओळखतात, त्यांचं काही अडलं नाही. मी मात्र एकदा स्वतः चहा केला आणि त्यात दोन चमचे मीठ घातलं. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "डब्यावर साफ लिहेल हाये."

तीन वर्षांनी, इंग्रजीच्या पेपरादिवशी सकाळी, ते मला घेऊन दगडाशी गेले. पोरं नारळ घेऊन उभीच होती. त्यांना थांबवून साडभाऊंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलत राहिले. पाचव्या ओळीवर बोट थांबलं, परत वर गेलं, पुन्हा खाली आलं. मग ते दगडासमोर खाली बसले.

"पोरगी हाये, साडभाऊ. चार वर्षाची. तापानं गेली. शेवटी बापानं मातीले सांगेल हाये, इच्यावर भार टाकू नको."

एका पोरानं नारळ हळूच पाठीमागे लपवला.

"आन् आपण तिच्या उशाशी नारळ फोडून इंग्रजी मांगत होतो," साडभाऊ म्हणाले. "चार वर्षाच्या लेकराले काय येते बे?"

तेव्हापासून तिथं नारळ फुटत नाही. पेपराला जाणारी पोरं आता बोरं ठेवतात, बत्तासे ठेवतात. मागं कोणी तरी चार इवल्या बांगड्या ठेवल्या होत्या. निकाल काही घसरलेला नाही.

यंदा साडभाऊंनी पुन्हा दहावीचा फॉर्म भरून इंग्रजीचा पेपर दिला. नातवाच्या वयाच्या पोरांत बसून. जाताना दगडाशी थांबले, टवक्यावरून बोट फिरवलं, बत्तासा ठेवला. मी विचारलं, काय मागितलं?

"काई नाही. परीक्षा माही हाये, तिले काऊन तरास?"

आणि चपला हातात घेऊन ते त्या मातीवरून हळूहळू, पाऊल न वाजवता रस्त्याला लागले. निकाल अजून लागायचा आहे.