चरग्यापुरती जमीन

आमच्या आत्तींना बंगळूर आवडलं नाही, आणि हे त्यांनी यशवंतपूर स्टेशनावर उतरल्या उतरल्या सांगून टाकलं. फलाटावर उभ्या राहून इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, इथं माती कुठं आहे म्हणून. मी म्हटलं, स्टेशनात कुठली माती, घरी तर चला. घरी येऊन बघतात तर आमचं घर एचएसआर लेआउटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. मग काय, दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. जणू इमारत मीच बांधली होती.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, यल्लव्वा. अथणी तालुक्यातल्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही भाषा कमी पडतात. शिवाप्पामामा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून त्या गावात एकट्याच होत्या. रान पुतण्याला वाट्यानं दिलेलं, तरी सकाळी बांधावरून एक फेरी मारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. गेल्या श्रावणात परसात चक्कर येऊन पडल्या. दूध घालायला आलेल्या बाईनं बघितलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सांगितलं, बीपी आहे, आता यांना एकटं ठेवू नका. मग आमचे हे, महांतेश, कारखान्यात रजा टाकून गेले आणि त्यांना घेऊन आले.

पण "घेऊन आले" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मी पाहुणी आलेय, म्हणायच्या. येळ अमावस्येपर्यंत राहीन, मग माझ्या रानात जाईन, आणि पुन्हा यायची गोष्ट काढू नका.

येळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी घराला कुलूप लागतं. सगळे जण स्वयंपाकाच्या बुट्ट्या घेऊन रानात. तिथं पाच दगड मांडून पूजा करायची, मग सगळं जेवण एकत्र कालवून मूठ मूठ रानभर टाकायचं. त्याला चरगा म्हणतात. मातीसाठी, पाखरांसाठी, अगदी उंदरांसाठीसुद्धा. वर्षभर ज्यानं आपल्याला वाढलं त्याला एक दिवस आपण वाढायचं, एवढा साधा हिशेब. ते झालं की मग माणसांनी मातीत बसून जेवायचं.

आता खरं सांगते, मला आत्ती जायला नको होत्या. त्यांच्या तब्येतीसाठी, हे तर झालंच. पण माझ्यासाठीही. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. मी कोरमंगलात दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, दिवसभर लोकांना हसून "या, बसा" करते, आणि संध्याकाळी घरी आले की तोंडातून शब्द काढायचं त्राण नसतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दारातच "जेवलीस का गं?" असं विचारणारं माणूस मला या आत्तींच्या रूपानं पहिल्यांदा मिळालं. खेकसून विचारायच्या, पण विचारायच्या. असं माणूस कोण सोडेल हो?

म्हणून मी चंगच बांधला. दर रविवारी आत्तींना बाहेर काढायचं. शहरात माती नाही म्हणतात ना, दाखवतेच त्यांना. शिवाय बाईमाणसाला बस फुकट. आधार कार्ड दाखवलं की झालं, त्यामुळं आत्तींची "कशाला खर्च?" ही तक्रार आपोआप बाद झाली.

पहिल्यांदा लालबाग. झाडं बघून खूश झाल्या, काही बुंध्यांना तर हात लावून बघितला. मोठ्या खडकावर चढल्या, वाऱ्याला पदर धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं जमलं. पण खाली उतरून हिरवळीवर बसायला गेल्या तर तिथं पाटी, बसू नका. मी वाचून दाखवली. आत्ती म्हणाल्या, मग हे गवत कुणासाठी लावलंय, गाय तर दिसत नाही.

पुढच्या रविवारी अगरा तळं. तिथं सकाळी फिरायला येणाऱ्यांची ही गर्दी. कानात इअरफोन घालून, मनगटावरच्या घड्याळात बघत सगळे तळ्याभोवती निघालेले. आत्ती बाकावर बसून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला हळूच विचारलं, हे सगळे निघालेत तरी कुठं? मी सांगितलं, कुठं नाही, गोल फिरतात. तर म्हणाल्या, मळणीच्या तोंड बांधलेल्या बैलागत. मी एवढी हसले की पलीकडच्या बाईंनी चालणं थांबवून माझ्याकडं बघितलं.

एका बागेत आम्ही डबा उघडला तर रखवालदारानं शिट्टी फुंकली. एका फुलपाखरांच्या उद्यानात आत्तींनी फुलपाखरांपेक्षा तिथल्या माळ्यालाच जास्त बघितलं, आणि त्याचं आळं कसं चुकलंय ते मला सांगत राहिल्या. माझी चिडचिड व्हायची. एवढ्या लांब आणावं आणि बाईंनी नाक मुरडावं. एकदा तर मी बसमध्ये तोंडावर म्हटलं, आत्ती, तुम्हाला काही आवडायचंच नाही असं तुम्ही ठरवूनच आलाय. त्यांनी खिडकीतून तोंड न वळवता उत्तर दिलं, बागा चांगल्या आहेत, पण कुठं कुणी बस म्हणत नाही.

मग आम्ही तुरहळ्ळीच्या जंगलात गेलो, आणि तिथं मात्र आत्तींनी चपला काढून हातात घेतल्या. लाल माती, वाळकं गवत, मध्येच उघडे खडक. तरणी पोरं दोऱ्या बांधून खडकावर चढत होती. एक मोर आमच्यासमोरून असा गेला की वाट त्याच्याच बापाची. आत्ती अनवाणी चालत राहिल्या. बीपीची गोळी घेतलेली बाई, मी मागून धापा टाकतेय आणि या पुढं. त्या दिवसापासून रविवार त्यांचा झाला. शनिवारीच विचारायच्या, उद्या कुठलं रान? हेसरघट्ट्याचं माळरान बघून आल्यावर चार दिवस त्याचंच बोलणं. बन्नेरघट्ट्याच्या अंगाला शहराच्या कडेला एक छोटं राखीव रान आहे, तिथं आम्ही दोनतीनदा गेलो. ते त्यांना सगळ्यात आवडलं. तिथलं गवत आमच्याकडच्यासारखं आहे, म्हणायच्या.

मी लगेच तवा तापला म्हणून भाकरी टाकली. म्हटलं, आत्ती, यंदाची येळ अमावस्या इथंच करूया. मी सगळा स्वयंपाक करते, आपण त्या रानात जाऊ. मग तरी राहाल?

आत्तींनी बोटांच्या पेरांवर अमावस्येचे दिवस मोजले. मग म्हणाल्या, "माझ्या हातानं चरगा टाकायला मिळाला तर राहते. न्हाई मिळाला तर सोमवारी गाडीत बसव, आणि परत बोलवू नको." मी होय म्हटलं. महांतेश म्हणाले, तू ही पैज कशाला लावलीस? पण मला खात्री होती. एवढं मोठं रान, त्यात मूठभर भात टाकायला कुणाची हरकत असणार?

अमावस्या शुक्रवारी आली. आम्ही दोघांनी रजा काढली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगांची पोळी, दहीभात, आंबील. माझ्या पहिल्या भाकऱ्या चिरफाळल्या, तेव्हा आत्तींनी मला बाजूला सारून स्वतः बसकण मारली. बुट्ट्या घेऊन आम्ही तिघं बसनं निघालो. आत्तींनी ठेवणीतलं इलकल लुगडं नेसलं होतं.

आणि फाटकावर आम्हाला अडवलं.

तिथला वनरक्षक शेषगिरी म्हणून होता. आम्हाला ओळखायचा, आधी नमस्कारही केला. मग बुट्ट्या बघून म्हणाला, खाणं आत नेता येणार नाही. मी चरग्याचं सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला. खाणं टाकायचं तर मुळीच नाही, म्हणाला. माकडांना एकदा माणसाच्या हातच्या भाताची चव लागली की ती रानात काही शोधत नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्यांवर पडतात, मग चावतात. गेले दोन उन्हाळे तो हेच निस्तरत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, आमच्या एका मुठीनं तुमचं जंगल बुडणार आहे का? देवाचं आहे हे, लोक इथं चिप्सची पाकिटं टाकून जातात तेव्हा तुम्ही कुठं असता? तोंडाचा पट्टा सुरू झाला की मला आवरत नाही. शेषगिरी मान खाली घालून ऐकत होता आणि प्रत्येक वेळी तेच सांगत होता, अम्मा, होत नाही.

खरं म्हणजे मी त्याच्यावर रागावले नव्हते, मी घाबरले होते. सोमवारची गाडी मला समोर दिसायला लागली. बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रस्त्यात, परक्या माणसासमोर, मी रडले.

आत्तींनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. "गप. त्याचं रान हाय, त्यानं राखलंच पायजे," म्हणाल्या. "तुझा मामा असता तर त्यानंबी असंच अडवलं असतं." आणि शेषगिरीला कन्नडमध्ये सांगितलं, तू बरोबर केलंस, हिचं मनावर घेऊ नको.

हे त्या शांतपणे बोलल्या, आणि मी समजले, सोमवार पक्का. महांतेशनी सुचवलं की रस्त्याकडेला एखाद्या झाडाखाली उरकूया, नाहीतर घरी गच्चीवरच्या कुंड्यांत टाकूया. आत्तींनी लेकाकडं असं काही बघितलं की त्यांनी पाण्याची बाटली उघडून तोंडाला लावली.

आम्ही परत बसथांब्याकडं निघालो. फाटकापासून थोडं पुढं कुंपणाच्या बाहेर एक छोटं रान आहे. नाचणी काढून झाली होती, मधल्या ओळींतला अवरा, म्हणजे आपला पावटा, तेवढा उभा होता. एक बाई एकटीच वाकून शेंगा तोडत होती. आत्ती चालता चालता थांबल्या. बांधावर उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच हाक मारून विचारलं, रान तुझं का?

बाईचं नाव भाग्यलक्ष्मी. रान तिचंच, नवऱ्यामागं तीच करते. दोन्ही बाजूंनी इमारती चढत आल्यात, पण तिनं अजून विकलेलं नाही. आत्तींनी तिला सगळं सांगितलं, ही अमावस्या काय, चरगा काय. त्या बाजूला हा सण कुणी करत नाही, त्यामुळं ती आधी नुसती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, यात मला काय करावं लागेल? जरा भीतच विचारलं असेल, कारण बांधावर इलकल नेसलेली एक म्हातारी, डोळे सुजलेली सून आणि बुट्ट्या धरलेला मुलगा.

आत्ती म्हणाल्या, तू हो म्हण, बाकी मी सांगते. आणि ती हसून "सरी", म्हणजे बरं, म्हणाली.

आम्ही आत उतरलो. आत्तींनी पाच दगड वेचून मांडले, हळदकुंकू वाहिलं. भाकरी, भात, उसळ, सगळं बुट्टीत कालवलं. मी बघत होते. मूठ भरली, आता टाकणार, आणि आत्तींनी ती मूठ भाग्यलक्ष्मीच्या हातात ओतली. मी न राहवून म्हटलं, अहो आत्ती, तुमच्या हातानं टाकायचं ठरलं होतं ना!

"रान जिचं, पयली मूठ तिची," आत्ती म्हणाल्या.

भाग्यलक्ष्मीनं मूठ टाकली. तिला काय वाटलं कोण जाणे, टाकून झाल्यावर तिनं दोन्ही हात जोडले आणि मातीला हात लावला. मग आत्तींनी बुट्टी कमरेवर घेतली आणि त्या रानाभोवती निघाल्या. तोंडानं काहीतरी म्हणत, मूठ मूठ टाकत, एकही कोपरा न सोडता. साळुंक्या मागं मागं उतरायला लागल्या. महांतेश लहानपणी आईच्या मागून जायचे तसे निघाले, आणि मला पहिल्यांदा कळलं की यांनाही गाव आठवतं, फक्त बोलत नाहीत.

मग मातीत बसून आम्ही जेवलो. दुपारच्या सुट्टीत शेषगिरीलाही बोलावलं. मी त्याला दोन शेंगांच्या पोळ्या जास्त वाढल्या आणि माफी मागितली, तर म्हणाला, अक्का, तुमच्यासारखं ओरडून तरी कुणी रानाबद्दल बोलत नाही. आत्ती आणि भाग्यलक्ष्मी मात्र वेगळ्याच गोष्टीत होत्या. अवऱ्याला कीड का लागली, या बांधावरचं तण कुणी ठेवलं, एवढ्या शेंगा एकटीनं कशा उतरवणार. आत्ती तिला तासभर रागावत होत्या. ती हसत होती आणि अजून आंबील मागत होती.

परतीच्या बसमध्ये मी आत्तींच्या शेजारी बसले. विचारायचा धीर होत नव्हता. चरगा त्यांच्या हातानं झाला खरा, पण रान दुसऱ्याचं. हे धरायचं की नाही धरायचं, हे त्यांनाच ठाऊक. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. अगरा जवळ आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पुढच्या सीटवरच्या लेकाला बोटानं टोचलं.

"महांता, पुतण्याला फोन लाव," त्या म्हणाल्या. "माझं खुरपं पाठवून दे म्हणावं. त्या बाईचं लई हलकं हाय, मंगळवारी तिच्या बांधावर त्यानं काय काम व्हायचं?"